पालथा नभराज

भाऊराव टिपणिसांनी नभराजला मारायचं ठरवलं आणि ही बातमी नीलाला सगळ्यांत शेवटी कळली. वास्तविक नभराजला जन्माला घातलं होतं तिनेच. पण जन्म देणाऱ्याला विचारून न्यायची पद्धत यमाकडेही नाही, तिथे घाटकोपरच्या प्रकाशकाकडे कुठून असणार?

नभराज म्हणजे पोरांच्या कथामासिकातला वीर. निळा अंगरखा, कमरेला लाल शेला, डोळ्यांवर काळा मुखवटा, पाय अनवाणी. दर महिन्याला तो आकाशातून उडत यायचा आणि कुणा ना कुणा हरामखोराची खोड मोडून जायचा. मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या गल्लीबोळातल्या वाचनालयांत त्याच्यासाठी नंबर लागायचे. लेखक म्हणून नाव छापलं जाई 'नीलकंठ', कारण बाईने लिहिलेली मारामारी कोणी विकत घेत नाही असं भाऊरावांचं ठाम मत होतं. नीलाने त्यावर वाद घातला नव्हता. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हतीच. अंधेरीत आईबरोबर राहायचं, सरकारी कचेरीत आवक-जावक बघायची, साहेब बोलला की "हो सर" म्हणायचं. आठवडाभर गिळलेलं सगळं सुट्टीच्या दिवशी नभराज तिच्या वतीने बोलायचा. तिच्या साहेबाच्या मिशा तर आजवर निरनिराळ्या खलनायकांना वाटून झाल्या होत्या. नभराज नसता तर तिला एकही सोमवार निभावता आला नसता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भाऊरावांच्या प्रेसची कामाची रीत जगावेगळी होती. तिथे आधी मुखपृष्ठ व्हायचं आणि मग गोष्ट. रंगीत छपाई बाहेरून करून आणावी लागे आणि ती महाग, म्हणून भाऊराव चार महिन्यांची चार चित्रं एकाच मोठ्या कागदावर एकदम छापून घ्यायचे. चित्रावरची अक्षरं मागाहून आपल्या मशीनवर चढवायची. चित्र समोर आलं की त्याला जुळेल अशी गोष्ट नीलाने रचायची. म्हणजे बारसं आधी आणि पोर नंतर. चित्रकार सहदेवची आणि तिची भाऊरावांनी कधी गाठ पडू दिली नव्हती. लेखक आणि चित्रकार एकत्र आले की प्रकाशक भिकेला लागतो, असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या शनिवारी नव्या चार चित्रांचा कागद टेबलावर पसरलेला होता. तीन चित्रं नेहमीसारखी होती. चौथ्यात नभराज जमिनीवर पालथा पडला होता, हात दोन्हीकडे पसरलेले, मुखवट्याची गाठ तेवढी दिसत होती. बाजूला एक बाई गुडघ्यावर बसलेली, पदर तोंडाला लावून.

"हे काय, भाऊ?"

"शेवट," भाऊराव म्हणाले. त्यांनी कागद उगाचच सरळ केला. "कलर टीव्ही आल्यापासून पोरं ढुंकून बघत नाहीत. हिरो मेला की अंक हातोहात जातो. मग नवीन काढू. तरुण, ताजा. तुम्हीच लिहा ना."

"पण याला काय धाड भरलीय?"

"म्हातारा झालाय तो."

"चित्रातला माणूस म्हातारा कसा होईल?"

भाऊरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर शेजारच्या गाळ्याची भिंत होती, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

आपण एवढं बोलतोय याचंच नीलाला नवल वाटलं. "बरं, म्हातारा तर म्हातारा," ती म्हणाली. "कानाशी केस पांढरे दाखवू, जरा दमतो म्हणू. मारायला कशाला हवं?"

"मेलेला चालेल," भाऊराव ताडकन म्हणाले, "म्हातारा चालणार नाही. चित्र छापून झालंय, आता कागद काय पाण्यात टाकू? तुम्ही लिहीत नसाल तर दुसऱ्याकडून लिहून घेईन."

आता इथे पाणी मुरत होतं. खपाची चिंता असलेला माणूस खपाबद्दल बोलतो. मेलेला चालेल पण म्हातारा नको, हे कुठल्या बाजारातलं गणित? नेहमीप्रमाणे छापील कागदाची एक प्रत घेऊन नीला घरी आली ती रागापेक्षा कुतूहलानेच जास्त भरलेली. तिने पेटी ओढली आणि पहिल्यापासूनचे अंक बाहेरच्या खोलीत ओळीने मांडले. आईला, वनमालाबाईंना, पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या दारातच उभ्या राहून बघू लागल्या.

"हा तुझा वीर आताशा पाठच दाखवतो गं," त्या म्हणाल्या. "रुसलाय का?"

नीलाने वाकून पाहिलं. आई म्हणते ते खरंच होतं. पहिल्या वर्षी नभराज छाती पुढे काढून समोरून यायचा. पुढे तो तिरका झाला, पुढे पाठमोरा. शेला कमरेवरून हळूहळू वर सरकत बरगड्यांपाशी आला होता. अलीकडे तर प्रत्येक चित्रात त्याच्या पोटासमोर काहीतरी यायचंच, कधी खडक, कधी पिंप, कधी एखादा उलथलेला टेम्पो. उडणारा माणूस इतका आडोसा का शोधतो? आणि डावा खांदा पहिल्यापासून जरा खाली, डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. मनाने काढलेल्या चित्राला असलं बोट कशाला असेल? हे कुणीतरी जिवंत माणूस होतं. इतकी वर्षं आपण ज्याच्या तोंडी शब्द घालत आलो तो हाडामांसाचा कुणीतरी आहे, या विचाराने तिची झोपच उडाली.

सहदेवचा पत्ता भाऊरावांकडे मागण्यात अर्थ नव्हता. प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवणाऱ्या काशीरामला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गाठलं, तर त्याने तो सहज सांगून टाकला. राहायला घाटकोपरला डोंगरावर, पण सध्या मढला एका बंगल्यात सिनेमाचे पडदे रंगवतोय, रविवारीही तिथेच असतो. नीला वर्सोव्याला गेली, होडीत बसली आणि खाडी ओलांडून मढला उतरली. कचेरी आणि घर सोडून ती एकटी कुठे गेल्याला जमाना झाला होता. आपण कोणाच्या तरी मागावर आहोत या कल्पनेने तिला हसूही येत होतं.

बंगल्यामागच्या अंगणात एक किडकिडीत माणूस ताणलेल्या कापडावर हिमालय रंगवत होता. हाच सहदेव. पूर्वी गिरणीत साड्यांची नक्षी काढायचा, संपात गिरणी गेली, आणि तेव्हापासून मिळेल ते रंगवत होता. नीलाने आपलं टोपणनाव सांगितलं तसा त्याने ब्रश डब्यात टाकला.

"तुमीच काय त्या नीलकंठ? माका वाटला, कोण तरी दाढीवालो असतलो."

तिने पिशवीतून दोन-तीन अंक काढले आणि सरळ विचारलं, या चित्रांसाठी तुमच्यासमोर उभं कोण राहतं?

"म्हणजे मॉडेल?" सहदेव हसला. "मॉडेलाक पैसे कोण देतलो, बाई? भाऊच तो."

"कुठला भाऊ?"

"तुमचो भाऊराव. पयल्या चित्रापासून. माका बघल्याशिवाय काढूक येणा नाय. अंगरखो घालून माझ्या खोलयेत टेबलार उभो रवता, हात वर करून. पयलो कसो छाती काढून उभो रवायचो! मगे पोट सुटला. मी म्हटलंय, भाऊ, पाठमोरे रवा. मगे शेलो वर घेतलो. मगे खडक घातलो. आता आणखी किती खडक घालू?"

नीला पायरीवर बसलीच. तिच्या डोळ्यांसमोर प्रेसमधले भाऊराव आले, जाड भिंगांचा चष्मा, शर्टावर शाईचा डाग, चप्पल काढून खुर्चीवर दुमडलेला डावा पाय. त्या पायाचं चढलेलं बोट तिने दर शनिवारी पाहिलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण तिला मढपर्यंत यावं लागलं होतं.

"आणि शेवटचं चित्र? तो मेलेला?"

"ता तर इचारूच नका." सहदेवने इकडेतिकडे पाहिलं. "भाऊ म्हणाले, सहदेवा, आता एकदा मेलेला काढ, म्हणजे सुटलो. पालथे पडले. मी काढून घेतलंय, तर भाऊंका उठाक येयना. कंबरेत उसण भरली. माझी बायको प्रेमा तेल गरम करून घेऊन इली, आणि तेंका तशा कपड्यात बघून तिका हसू आवरेना. पदर तोंडार धरून बसली. रडणारी बाई मी मनान काढणार होतंय, पण ही समोर गावली. जा बघलंय, ता काढलंय."

"म्हणजे चित्रातली बाई रडत नाहीये?"

"रडता? अवो, हसान हसान तिचा पोट दुखला."

परतीच्या होडीत नीलाने तो छापील कागद मांडीवर उघडून पुन्हा पाहिला. बाईचे डोळे बारीक झाले होते, खांदे वर आले होते. एकदा कळल्यावर ते हसणंच दिसत होतं, दुसरं काही दिसेना. आणि पालथा पडलेला नभराज मेलेला तर मुळीच वाटत नव्हता. कोण मेलेला माणूस पायाची बोटं अशी आवळतो?

तिने आठवडाभर लिहिलं. कचेरीत साहेब बोलत असताना "हो सर" म्हणतही लिहिलं. पुढच्या शनिवारी कागद भाऊरावांपुढे ठेवले आणि समोर बसली.

गोष्ट अशी होती. भांडुपच्या एका चाळीवर पाण्याची टाकी कोसळत असते. नभराज येतो, टाकी खांद्यावर पेलतो, पोरंबाळं बाहेर काढतो आणि टाकी खाली ठेवताना त्याच्या कमरेत उसण भरते. तो पालथा पडतो. चाळीतली एक बाई तेलाची वाटी घेऊन येते आणि तिला हसू फुटतं. चाळ पाडायला आलेले गुंड तेवढ्यात दारात उभे राहतात. नभराजला उठता येत नाही. मग ती बाई उठते, तिच्यामागे सगळी चाळ उठते, आणि नभराज पडल्या पडल्या कोणी कुठून यायचं ते सांगत राहतो.

भाऊरावांनी दोन पानं वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांनी खुर्चीवरचा पाय खाली घेतला आणि चाचपडत चप्पल घातली.

"सहदेवकडे गेला होतात."

"हो."

"कोणी सांगितलं होतं नसत्या चौकश्या करायला? वाचक हसतील याला, बाई. उसण? नभराजला?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी सबंध जन्म या गाळ्यात शाई पुसत काढला. त्या टेबलावर उभा राहिलो की तेवढा वेळ मी उडायचो. हसा हवं तर. तो चांगला दिसतोय तोवर जाऊ दे, एवढंच म्हणत होतो. आणि तुम्ही त्याला तेल चोळून घ्यायला लावलंत."

नीलाला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःसाठी भीती वाटली, कारण आता आपण गप्प बसलो तर सगळंच संपलं हे तिला दिसत होतं.

"भाऊ, तुम्ही त्याचं अंग आहात, हे मला रविवारी कळलं," ती म्हणाली. "पण त्याचं तोंड मी आहे. मी कुठेच बोलत नाही, घरी नाही, कचेरीत नाही. जे बोलते ते त्याच्या तोंडून. तो दिसतो कसा याच्याशी मला देणंघेणं नाही. पडल्या पडल्या बोलला तरी मला चालेल. तुम्ही त्याला मारलंत तर माझी वाचा जाईल."

इतकं सलग ती कधी कोणापुढे बोलली नव्हती. आत काशीरामचे खिळे वाजायचे थांबले. भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग छापील कागद जवळ ओढून ते चौथं चित्र बघत राहिले.

"लोक हसतील," ते पुन्हा म्हणाले, पण आता जरा हळू.

"हसू देत ना. त्या दिवशी प्रेमाताई हसल्या, तेव्हा तुम्हाला राग आला होता?"

भाऊरावांनी चित्रातल्या त्या बाईवर बोट टेकवलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"नाही," ते म्हणाले. "मीपण हसत होतो. पालथा होतो म्हणून कोणाला दिसलं नाही."

त्यांनी नीलाचे कागद उचलले आणि आत काशीरामकडे द्यायला निघाले. दारापर्यंत जाऊन, कमरेवर हात ठेवून ते वळले.

"सहदेवला निरोप द्या," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला टेबल नको. खुर्ची ठेव म्हणावं."