नवव्या वळणावरचा झेंडा

"खोका सरळ धर," हेम म्हणाला. "आतलं सगळं एका बाजूला जाईल."

"तीन तास मांडीवर घेऊन बसलेय. आता काय डोक्यावर घेऊ?"

एरवी तो हसला असता. आज त्याने नुसता आरसा नीट केला. भाड्याची गाडी घाट चढत होती. गावकऱ्यांनी वळणांवर लावलेल्या आकड्यांच्या पाट्या अजून तशाच होत्या. चार, पाच, सहा. आम्हाला नवव्या वळणाशी थांबायचं होतं.

खोक्यात मिठाई होती, माफीची. आपल्याकडे पेढे निघतात ते बारशाला नाहीतर निकालाला. इथे जपानमध्ये माफी मागायलाही मिठाईच न्यावी लागते. फार स्वस्त नको, फार महागही नको. दुकानातल्या मुलीने "कशासाठी?" असं विचारलं, मी "माफीसाठी" म्हटलं, तर तिने भुवईसुद्धा न उचलता साधा करडा कागद काढला आणि रिबिनीचं रीळ बाजूला सारलं. आमचा या वर्षातला हा दुसरा खोका. पहिला मार्चमध्ये शर्यतीच्या कमिटीला दिला होता.

ही शर्यत म्हणजे गाड्यांनी डोंगर चढण्याची. मिनोसावा नावाच्या या गावात दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चार किलोमीटरचा घाट बंद करत. खालून एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, आणि तेरा वळणं घेऊन ती वर किती वेळात पोचते ते पाहायचं. सगळ्या वर पोचल्या की रांगेने, बैलगाडीच्या चालीने खाली आणायच्या आणि दुसरी फेरी सुरू. साठेक गाड्या, बहुतेक जुन्या, आणि चालवणारे त्यांच्याहून जुने. गावात एरवी दोनशे माणसं. त्या दिवशी हजार व्हायची.

हेमचंद्र दामले, माझा नवरा, वय एक्कावन्न, सतरा वर्षं कावासाकी शहरात सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि तक्त्यात भरायच्या. चूक सापडली तर करणाऱ्याला राग येतो, नाही सापडली तर वरचे म्हणतात, मग तू करतोस काय? गेल्या वर्षी त्याच्या हक्काची जागा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला मिळाली. हेमने त्या माणसाला अभिनंदनाचं कार्ड दिलं, आणि घरी येऊन ओला कचरा, सुका कचरा, बाटल्या, झाकणं असं सगळं दोनदा वेगळं केलं. मी ओळखलं काय ते.

असा हा माणूस वर्षातून एक दिवस नवव्या वळणावर फोटो काढायचा. स्वतःला गाडीचं वेड म्हणाल तर शून्य. आठशे फोटो काढायचा, त्यातले अकरा ठेवायचा, आणि ते छापून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर स्वखर्चाने पाठवायचा. सहाव्या वर्षी कमिटीने त्याला 'छायाचित्र' लिहिलेलं पिवळं जाकीट दिलं. ते घालून तो आमच्या चार फुटी बाल्कनीत उभा राहिला होता, उगाच.

वळणाच्या आतल्या बाजूला किकुए-आजींचं घर. वय शहाऐंशी. दुपारी त्या ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके, ताटात रचून रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या लोकांना नेऊन द्यायच्या. हेम मासे खात नाही हे कळल्यापासून त्याचे दोन वेगळे, आत खारवलेला आंबट अलुबुखार घातलेले. झेंडेवाले ओनो-सान लाल झेंडा वर धरून उतरणारी रांग थांबवायचे, आजी त्यांना वाकून नमस्कार करायच्या आणि मगच रस्त्यावर पाय टाकायच्या. चौदा वर्षं हेच.

गेल्या वर्षी हेमने तो क्षण टिपला. ताट घेऊन निघालेल्या आजी, मागे निळी गाडी, डाव्या कडेला झेंडा धरलेले ओनो-सान. गाडी ऐंशी मीटरवर उभी होती. पण लांबच्या लेन्सने मागचं सगळं पुढे ओढलं जातं, त्यामुळे ती आजींच्या पाठीला टेकल्यासारखी दिसत होती. काय फोटो होता! मी बघतच राहिले. आमची नेत्रासुद्धा फोनमधून मान वर काढून "सुगोई!" म्हणजे 'भारीच!' म्हणाली, आणि सतरा वर्षांच्या मुलीकडून एवढं मिळणं म्हणजे पद्मश्रीच.

"चांगलाय," हेम म्हणाला, "पण खोटं बोलतो हा फोटो." आणि त्याने तो 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला.

तिथून मी तो उचलला. तिकडच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने फोटोंची स्पर्धा लावली होती. जपानी फॉर्म भरणं माझ्या डाव्या हातचा मळ; अकरा वर्षं डब्यांच्या कारखान्यात पार्टटाइम करतेय. एकदा, फक्त एकदा या माणसाचं नाव कुठेतरी छापून यावं, एवढंच मनात होतं. डावीकडे ओनो-सान आणि तो झेंडा मध्ये मध्ये येत होते. मी ते कापून टाकले. नियमाप्रमाणे मूळ फोटोही सोबत द्यावा लागला, तो दिला.

तिसरं बक्षीस आलं. सफरचंदांची पेटी आली, ती मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटली. हेम अवघडून हसला आणि त्याने कात्रण दोनदा वाचलं, ते मी पाहिलं.

मग पत्रं आली. वर्तमानपत्राकडे, आणि रस्त्याची परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे. चालू शर्यतीत म्हातारी रस्त्यावर? हे लोक करतात काय? फेब्रुवारीच्या शेवटी ओनो-सानचा फोन आला: या वर्षी परवानगी नाही, पुढेही मिळेलसं वाटत नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये आम्ही खोका घेऊन गेलो. कमिटीचे सहा म्हातारे गुडघे मोडून बसले होते. हेमने पूर्ण फोटो समोर ठेवला, झेंड्यासकट. ओनो-सान कमिटीचे प्रमुखही होते. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "झेंडा माझ्याच हातात होता. वर्तमानपत्राकडून मागवून हाच फोटो आम्ही कार्यालयात दाखवला. ते म्हणाले, समजलं. पण लोकांनी आधीचा पाहिलाय."

हेमची जपानी ऑफिसपुरती. तो माझ्याकडे वळला. "सांग त्यांना. फोटो माझा, चूक माझी."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, आदरार्थी रूपांसकट, एकही चूक न करता. माझी कापाकापी मी गिळून टाकली. भाषांतर करणाऱ्याने स्वतःचं काही घालू नये म्हणतात. भित्र्या माणसाला हा नियम फार उपयोगी पडतो.

मग हेमने पिवळं जाकीट पुढे ठेवलं. घडी मी घातली होती. असू दे, ठेवा तुमच्याकडे, असं ओनो-सान म्हणतील असं आम्हा दोघांनाही वाटलं असावं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

निघताना ते दारापर्यंत आले. "किकुए-आजींकडे आत्ता जाऊ नका. शर्यत आपल्यामुळे बंद पडली असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. बाहेरच येत नाहीत."

परतताना गाडीत मी विचारलं, "तू का सांगितलं नाहीस, मी पाठवला ते?"

"सांगून काय झालं असतं?"

"हेम, मी कापला तो."

"हो, कळलं मला. माझाच फोटो आहे ना?" एवढं बोलून त्याने रेडिओ लावला.

त्या दिवसापासून कॅमेरा कपाटावर गेला. सात महिने त्याने तो काढला नाही आणि मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले तरी असते.

आणि आज हा रविवार. शर्यतीचाच दिवस, मीच निवडला. पाटी क्रमांक नऊ. हेमने गाडी कडेला घेतली. रस्ता रिकामा होता. गवताच्या गंज्या नाहीत, दोर नाहीत, ताज्या चहाची टपरी नाही. फक्त कडेला चुन्याने काढलेला एक पुसट चौकोन होता. ओनो-सान त्यातच उभे राहायचे.

दार आजींनीच उघडलं. आधीच एवढ्याशा, त्या अजून आक्रसल्या होत्या. हेमला पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग त्या उंबऱ्यावरच गुडघे टेकून वाकल्या. कपाळ जमिनीला लागेपर्यंत.

"माझ्यामुळे तुमचा दिवस गेला," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून येत होता बिचारा. मी म्हातारी कडमडले रस्त्यात."

हेमला शब्द कळले नसतील, पण वाकणं कळलं. तो घाबराघुबरा होऊन स्वतःही खाली बसला. "संपदा, सांग ना त्यांना! फोटो माझा, चूक—"

"थांब," मी म्हटलं. "आज मी तुझं भाषांतर करणार नाही."

मी आजींसमोर बसले. खोका बाजूला ठेवला आणि हेमने आणलेला पूर्ण फोटो त्यांच्यापुढे ठेवला. सात महिने पाठ केलेली छान छान वाक्यं होती, एकही आठवेना. मी डाव्या भागावर पंजा ठेवला.

"आजी, एवढा भाग मी कापला. माझ्या नवऱ्याने नाही. त्याला तर हा फोटो कुणाला दाखवायचाच नव्हता. त्याला न विचारता मी पाठवला. त्याचं नाव व्हावं म्हणून. तुमच्यामुळे काही बंद पडलेलं नाही. माझ्यामुळे पडलं. मार्चमध्येही मी हे बोलले नाही, भ्याले."

आजींनी माझा पंजा एका बोटाने सरकवला. मग चष्मा शोधला, पुसला, लावला.

"हा तर ओनो," त्या म्हणाल्या. "केवढं पोट सुटलंय."

मी हसले नाही. हसता आलं नाही.

त्या फोटोकडे पाहत राहिल्या. झेंड्यावर बोट ठेवलं, मग गाडीवर, मग स्वतःवर. "म्हणजे मी थांबले होते."

"हो. झेंडा बघूनच तुम्ही निघालात. नमस्कारसुद्धा केलात."

"मला आठवत होतं, थांबले होते," त्या हळू म्हणाल्या. "पण पेपरात झेंडा नव्हता. ओनो म्हणाला, होता; मला वाटलं, मन राखायला म्हणतोय. मुलगी म्हणाली, आई, तू विसरलीस. या वयात होतं असं. मला वाटलं, झालं असेल. विसरलेलं कसं कळणार माणसाला?" त्यांनी फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "ती म्हणते एकटी राहू नकोस आता. महिनाअखेरीस मला घेऊन जाणार आहे. घराला कुलूप लावणार."

शर्यत गेली एवढंच मी सात महिने उराशी धरून बसले होते. मी या बाईचा स्वतःवरचा भरवसा कापून टाकला होता, त्याची मला गंधवार्ताही नव्हती.

"हा तिला दाखवा," मी म्हटलं. "मी फोन करते त्यांना. मी सांगते."

"दाखवते," आजी म्हणाल्या. "पण तिने खोली रंगवून घेतलीय."

हेमने मला विचारलं, काय झालं? मी मराठीत सगळं सांगितलं. तो बूट घालून रस्ता ओलांडून गेला आणि आपल्या जुन्या जागी, झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते.

आजींनी खोका देवघरात यजमानांच्या फोटोपुढे ठेवला. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. "भात झालाय," एवढंच म्हणाल्या, आणि आतून ताट घेऊन आल्या. ताटात मुटके रचलेले होते, दहा-बारा. आमचा पत्ता नसताना सकाळीच केलेले.

"सवय," त्या म्हणाल्या. "ते दोन त्याचे."

"द्या, मी नेते."

"नको. हे काम माझं."

मी त्यांच्या मागे बाहेर आले. रस्त्याच्या कडेला येऊन त्या थांबल्या. वरून गाडी नव्हती, खालूनही नव्हती. तरी त्या ताट धरून तशाच उभ्या राहिल्या आणि त्या चुन्याच्या चौकोनाकडे बघू लागल्या. तिथे कुणी नव्हतं. पलीकडे हेम वळला होता आणि वाट बघत होता.

मी धावत गेले. चौकोनात उभी राहिले, घाटाच्या वरच्या अंगाला तोंड केलं आणि उजवा हात वर केला.

आजींनी मला वाकून नमस्कार केला, जसा ओनो-सानना करायच्या तसाच. मग पाय रस्त्यावर टाकला. त्या फार हळू चालत होत्या. अर्ध्या वाटेत माझा खांदा भरून आला. त्या पलीकडे पोचल्या आणि हेमने दोन्ही हातांनी ताट घेतलं, तोवर मी हात खाली केला नाही.