गोठ्याची खोली

घुम्यानं गव्हाणीवर पहार उगारली तशी म्हातारी आडवी आली.

"आधी माझ्यावर घाल," ती म्हणाली. "दोन्ही गाई विकल्यास, आता गव्हाणपण फोड. दुधावर घर चालत होतं हे विसरलास?"

"मग बायको कुठं आणू? तुझ्या आणि बाच्या मधे झोपवू तिला?"

एरवी हे पोरगं दिवसाला चार शब्द खर्चायचं, म्हणून तर गाव त्याला घुम्या म्हणायचं. म्हातारी बाजूला झाली. आतली एकच खोली, ती थोरल्याच्या संसारानं भरलेली. बाकीच्यांनी ओसरीवर अंग टाकायचं. बाहेर कुठं बांधावं तर शहरातली माणसं रविवारी हवा खायला यायची आणि जाताना गावातल्या जमिनीचा एकेक तुकडा विकत घेऊन जायची. उरल्यासुरल्या जागेचा भाव ऐकून गावानं तिच्याकडं नुसतं बघायचं.

घुम्या तेहतिशीला आला होता. दूध केंद्रावर फॅट मोजणारी पोरगी चार वर्षं त्याच्यासाठी थांबली होती. दोघं काय बोलायचे देव जाणे, पण केंद्रावरून घुम्या हसत यायचा, हे म्हातारीनं पाहिलं होतं. पोरीच्या बापाचं एकच म्हणणं होतं, आधी स्वतंत्र खोली दाखवा.

मग गोठा खणला, मुरूम टाकला, फरशी बसली. दोनदा चुना दिला तरी वास जाईना. घुम्यानं खिडकी एवढी मोठी पाडली की थोरली वहिनी म्हणाली, "भाऊजी, दार कुठलं ते तेवढं लिहून ठेवा." त्या दिवशी सगळं घर हसलं.

पोरीचा बाप आला, खोली पाहिली, भिंतीवरून हात फिरवला.

"खोली झकास झाली," तो म्हणाला. "पण गाई कुठंत?"

"त्याच विकून तर बांधली," म्हातारी म्हणाली.

पाहुण्यानं भिंतीवरचा हात काढून घेतला. "मी खोली मागितली, बाई. गाई विका असं कुठं म्हणालो? आता खाणार काय?"

"मजुरी करीन," घुम्या म्हणाला.

"मजुरीत माझा जन्म गेला, पोरा. तिचा नाही घालवणार."

तो काही वाईट माणूस नव्हता. म्हातारीला त्याचा रागसुद्धा धड करता येईना. पोरीनं आणखी एक वर्ष रेटलं, मग तिला लांब दिली.

पुढं शाळेत नवे मास्तर आले, नुकतंच लग्न झालेले. खोली विचारत दारात उभे राहिले. म्हातारीच्या तोंडून होकार निघेना. त्या खोलीत दुसऱ्याची सून नांदणार, या विचारानंच तिचा जीव तुटत होता. घुम्यानं मात्र लगेच हो म्हटलं. भाड्यातून निदान एक कालवड तरी येईल, म्हणाला.

मास्तरांचा पलंग त्यानंच खांद्यावर आत नेला. मास्तरीणबाई पोरसवदा, बोलकी.

"भाऊ, वहिनी दिसल्या नाहीत कुठं?" तिनं सहज विचारलं.

"आमची खोली व्हायचीय अजून," घुम्या म्हणाला, आणि पलंग डुगडुगत होता म्हणून पायाखाली द्यायला चकती शोधू लागला.