दोन बोटांचा घास

पौषातली सांज. ओहोटीनं ओढून नेलेला समुद्र दूर, फार दूर, क्षितिजाच्या सोनसळी किनारीला टेकलेला. मागे उरलेला ओला, काळाभोर, चकाकता चिखल. बांबूंच्या आडव्या वलांड्यांवर जोडी-जोडीनं टांगलेले बोंबील, रुपेरी, पारदर्शी, अर्धेमुर्धे सुकलेले, कोरड्या उत्तरवाऱ्यात मंद मंद झुलणारे. या वेळी कोळीवाड्यात घरोघरी माशाचं कालवण रटरटत असतं. रंभाच्या घरात मात्र आज कोंबडी होती.

कोंबडी म्हणजे तरी काय, नुसत्या छातीचे, बिनहाडाचे, लांबट तुकडे. फिकट-गुलाबी, निस्तेज, दुपारपासून ताकात बुडून बसलेले. मिठाशिवाय त्यांना काही म्हणता काही लावलेलं नव्हतं. मसाल्याचा डबा फळीवर होता आणि श्रावणापासून त्याचं झाकण उघडलं नव्हतं. कोळणीच्या घरात मसाल्याचा डबा मिटून राहतो म्हणजे काय, ते कोळणीलाच विचारावं.

पद्माकर, रंभाचा नवरा. सागरश्यामल देहाचा, गडगडाटी हसण्याचा. एका हाळीनं खाडीपल्याडच्या माणसाची मान वळवणारा. गालात तंबाखूची गोळी धरून जाळं ओढणारा. श्रावणात त्याच गालावर शस्त्र फिरलं. गाठ मुळासकट गेली, पण जाताना अर्धा गाल घेऊन गेली. आता तोंड उघडतं ते दोन बोटं. डॉक्टरांनी खरोखरच दातांच्या फटीत दोन बोटं धरून मोजलं आणि रंभाला बाजूला घेऊन सांगितलं, "जबडा चालवायला हवा. नाहीतर मिटेल, आणि एकदा मिटला की मिटला. काटा नको, तिखट नको, पण काहीतरी चावू दे."

पण चावायचं कोणी? पेज, गाळलेलं सार, कुस्करलेलं केळं. पुन्हा पेज. पद्माकरनं चावणं सोडलं, मग मागणंही सोडलं. जेवायला तो ओटीवर एकटा बसायचा, मधला पडदा ओढून, पाठ घराकडे करून. तोंडातून ओघळतं ते बायकोनं बघू नये एवढाच त्याचा हट्ट. रंभा पडद्याआड उभी राहायची आणि ताटली रिकामी व्हायची वाट बघायची.

परवा मात्र वलांडीकडे बघता बघता तो जड जिभेनं, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "काहीतरी कुरकुरीत असतं तर."

एवढंच. पण तेवढ्यानं रंभाची झोप उडाली. त्यानं मागितलं, याचा आनंद, आणि आज त्याला चावता आलं नाही तर तो पुन्हा कधीच मागणार नाही, याची भीती. नवऱ्याला ती ओळखून होती. एकदा हात सोडला की सोडला, असा माणूस.

पनवेलला दिलेल्या लेकीनं, केतकीनं, फोनवर उपाय सांगितला. "आई, चिकन टेंडर कर. बाहेरून कुरकुरीत, आतून लोणी. ताकात भिजव, मैद्यात घोळव, अंड्यात बुडव, मग वरून ब्रेडचा चुरा. हाड नाही की काटा नाही."

"त्यांना कोंबडी आवडते कुठं," रंभा म्हणाली. "कोंबडीला समुद्र ठाऊक नाही म्हणतात."

"आई, तू कर तर."

म्हणून ती करत होती. करत होती आणि धास्तावत होती. ताकातून तुकडा उचलला, पिळला, आणि आपली दोन बोटं त्याच्याशेजारी धरली. तुकडा जाड होता. पुन्हा धरली. तुकडा जाडच होता. अंगाला पिठाचा अंगरखा चढल्यावर तर आणखीच फुगेल, आणि मग दातांच्या त्या चिंचोळ्या दारातून आत कसा जाईल? सगळं मुसळ केरात.

आणि मग तिच्या हातांनाच सुचलं. बोंबील तळायचा तर आधी काय करतात? फडक्यात घालून पाट्याखाली दाबतात. पाणी निथळतं, अंग चपटं होतं, म्हणून तर तो कुरकुरतो. रंभानं स्वच्छ फडकं पसरलं, त्यावर तुकडे एकाशेजारी एक निजवले, वर दुसरं फडकं, आणि त्यावर तो काळा, जड, थंडगार पाटा. केतकीनं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. कोंबडीला बोंबलाची शिक्षा कुणी देतं का?

पाट्याखालून पाणी झिरपू लागलं. खिडकीतली सांज केशरी होती, मग डाळिंबी झाली, मग जांभळी. पाटा उचलला तेव्हा तुकडे चपटे, रुंद, पिंपळपानासारखे पातळ झाले होते. दोन बोटांत मावून वर जागा उरत होती. रंभाला जरा धीर आला.

पण धीर टिकतो कुठं? ब्रेडचा चुरा नव्हता, म्हणून बेकरीतले टोस्ट वरवंट्यानं भरडले. भरडल्यावर वाटलं, यातला एखादा कण टोकदार निघाला तर? तो गाल अजून आतून कोवळा आहे, ओल्या जखमेसारखा आहे. चुरा तिनं चाळला. चाळलेला पुन्हा चाळला. कडक झालं तर गाल सोलेल, मऊ पडलं तर पेजच.

कढईत तेल तापलं. चिमूटभर चुरा टाकला, तो तळाशी न जाता लगेच फेसाळत वर आला. पीठ, अंडं, चुरा. पीठ, अंडं, चुरा. आणि एकेक पान तेलात अलगद उतरलं. तेल कुजबुजलं, खळखळलं, सुवर्णबुद्बुदांनी भरून गेलं. फिकट तुकडा पिवळा झाला, पिवळ्याचा मधाळ, मधाळाचा तांबूस-सोनेरी. अजून जरा ठेवू? नको. काढू? कच्चं राहिलं तर? झारा कढईवर थबकला, उतरला, पुन्हा थबकला. कडक झालं तर गाल सोलेल, मऊ पडलं तर पेजच. आयुष्यभर डोळे मिटून मासे तळत आलेली बाई आज सहा तुकड्यांपुढे अडखळत होती.

ताटली ओटीवर गेली. पडदा पडला. रंभा पडद्याआड झारा हातात धरून उभी राहिली आणि तिच्या सगळ्या देहाचा कान झाला.

काही नाही. वारा. लांबवर समुद्र. काहीच नाही.

मग, कुर्र.

रंभानं डोळे मिटले. पुन्हा कुर्र. पुन्हा. स्वच्छ, सोनेरी, खणखणीत. तिच्या गालांवरून पाणी घळघळा वाहू लागलं. आई एकवीरे, माझ्या माणसानं खाल्लं. पुन्हा कुर्र. किती सुरेख. किती भराभर.

भराभर?

डोळे उघडले. रंभा काही आजची तळणारी नव्हती. दातांखाली मोडतं ते मिटल्या ओठांत मोडतं, त्याचा आवाज दबका असतो, आणि त्यामागे चावायला वेळ लागतो. हा आवाज उघडा होता, वाऱ्यावरचा होता. कुरकुरीत झालंय का ते पाहायला ती स्वतः बोटांनी तुकडा मोडायची, तेव्हा अगदी असाच आवाज यायचा.

श्रावणापासून जे केलं नव्हतं ते तिनं केलं. पडदा सारला.

ताटलीत सगळे तुकडे होते. एकेक बोटांनी मधोमध मोडलेला, आणि एकही न खाल्लेला. पद्माकरनं दचकून हात तोंडावर धरला. त्याचे डोळे मुलासारखे भ्यालेले होते.

"तुला ऐकू यावं म्हणून," तो कसाबसा म्हणाला. "तू वाट बघत उभी असतेस."

रंभाला राग आला, आणि रागापेक्षा मोठं काहीतरी आलं. म्हणजे इकडे ती भीत होती आणि तिकडे तोही भीत होता; मध्ये एक पडदा, बस. "सोंगाड्या," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. एक अर्धुक स्वतःच्या तोंडात टाकलं. दुसरं त्याच्यापुढे धरलं.

"सांडेल," तो म्हणाला.

"सांडू दे." तिनं पदराचं टोक तळव्यावर घेतलं आणि तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला.

दोन बोटं उघडलेलं ते दार. आत गेलेला तो सोनेरी, पातळ घास. ओठ मिटले. डोळे मिटले. लाळेचा एक कोमट थेंब पदरावर उतरला, तिनं हात हलवला नाही.

मग जबडा हलला. बाहेर भरती लागली होती, चिखलावरून पाणी सळसळत घराकडे येत होतं, त्या सळसळीत तिच्या कानांना काही ऐकू आलं नाही. पण तळव्याला कळलं. हाडातून, कातडीतून, भिजल्या पदरातून, दबकं, इवलंसं, हळूहळू.

कुर्र.