उघाडीतला फळा

मित्रांनो, भागोजी सुताराच्या राहीचे लग्न झाले ते साल एकोणीसशे सव्वीस. राहीला पाट करून द्यायचे म्हणून भागोजीने सागाच्या फळ्या आणल्या होत्या. त्यांतल्या तीन उरल्या. त्या त्याने सांधल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि अलिबागच्या एका शाळेला विकल्या. तो मी. मी एक जुना फळा आहे. आता मला कोणी फळा म्हणत नाही, पण ते पुढे सांगेन.

दर शनिवारी मुले मला कोळशाची पूड आणि पानांचा रस चोळून काळा करीत. आठ वर्षे माझ्या अंगावर अक्षरे आली आणि गेली, पण मला एकही वाचता येत नव्हते. ओझ्याच्या बैलाला गोणीत काय आहे ते कुठे ठाऊक असते?

मला अक्षरे शिकवली बुधाजीने. चौतीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेत मास्तरांचा वर्ग भरला. शिकवायचे कसे हे कधी न शिकलेले बावीस मास्तर खेड्यांतून आले. वर्ग महिनाभराचा. जो पुरा करील त्याला दाखला. दाखला नसेल त्याची जागा जूनपासून दुसऱ्याला. बुधाजी त्यांतलाच एक; धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला, विसाव्या वर्षी अक्षर ओळखायला लागलेला. मला पुसायचे काम तो आपणहून करी. आधी एकेक ओळ मोठ्याने वाची, मग फडके फिरवी. ऐकून ऐकून मीही शिकलो.

वर्गाचे मुख्य होते दत्तोपंत मास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, "मुलांना शिकवायचे तर आधी आपले मन प्रसन्न हवे. रोज संध्याकाळी पाळीपाळीने दिवसातला एक लहानसा आनंद फळ्यावर लिहायचा." मग माझ्यावर ओळी उमटू लागल्या. आमटीत कैरी होती. घरून पत्र आले. खिडकीतून समुद्राचा वारा आला.

बुधाजीची पाळी आली. मग त्याने लिहिले, "आज भर दुपारी सावलीत बसलो."

वर्ग हसला. चांगदेव मास्तर जिभेचा तिखट. तो म्हणाला, "अहो बुधाजी, सावलीत तर म्हशीही बसतात!"

"मंग म्हशीला इचारा, मास्तर. तिला आनंद होतो का न्हाय."

आता चांगदेवावर हसायची पाळी आली. दत्तोपंत मात्र गंभीर झाले. "याला म्हणतात आनंद ओळखणे," ते म्हणाले. ती ओळ दोन दिवस कोणी पुसली नाही. तिच्यापायी माझेही कौतुक झाले. तसे पुन्हा कधी झाले नाही.

वर्गाचे चार दिवस उरले आणि अमावास्येचे उधाण आले. सकाळीच बुधाजीचा चुलतभाऊ अंबाजी दारात येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल.

"दादा, बांधाला खांड पडली! पानी शेतात घुसलाय. चल."

"दाखल्याला चार दिस हायेत रे."

"मंग तुज्या घरचा कोन येनार? आबा खाटल्यावर पडलाय. वैनीला उतरवू का चिखलात? रीत ठावं हाय ना तुला?"

रीत साऱ्या खाडीकाठाला ठाऊक आहे. खारे पाणी शेतात साचले तर तीन वर्षे भात होत नाही. म्हणून बांध फुटला की खांडीवर घरटी एक माणूस जातो. ज्या घरचा गेला नाही, त्या घरच्या मयताला गाव खांदा देत नाही.

बुधाजी रजा मागायला गेला. दत्तोपंतांनी वहीतून मान वर केली नाही. "एक दिवस चुकला तरी दाखला नाही. नियम मी केलेला नाही."

"मास्तर, समिंदर घरात आलाय."

"गावात इतकी माणसे आहेत. एक तुम्ही नसलात तर समुद्र काय जास्त येणार आहे?"

बुधाजीने धोतर वर खोचले आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. हात कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलेले, नखांत चिखल. कोणी पाळी सांगितली नव्हती तरी त्याने खडू उचलला आणि लिहिले, "खांड बुजली. यंदा भात होईल."

खडूला थोडे रक्त होते. चांगदेव मास्तर वाचून हसला नाही. तो जागेवरून उठून उभा राहिला.

दत्तोपंतांनी स्वतः फडके घेतले. "आनंद वर्गातला लिहायचा असतो. तुमचे नाव पटावरून कमी झाले आहे." आणि त्यांनी ती ओळ कोरडीच पुसली. महिनाभर कैरीच्या फोडीतला आनंद शोधायला लावणारा माणूस तो. एका गावाचा भात वाचल्याचा आनंद त्याला वाचता आला नाही. मित्रांनो, हे मला अजून गिळता आलेले नाही.

जूनमध्ये बुधाजीची शाळा दुसऱ्याला गेली. तो पुन्हा मिठागरावर गेला. मला तडा गेला, तेव्हा मला शाळेमागे टाकले. दोन पावसाळे मी तिथे वाळवी सोसली. मीठ विकायला आलेल्या बुधाजीने मला पाहिले आणि शिपायाला विचारून डोक्यावर घरी नेले. अंगणात त्याने बायकोला, केसरला, माझ्यावर अक्षरे शिकवली. शेजारच्या गोदूलाही. ते दिवस बरे होते. थोडेच होते.

अडतीस साली बांधातल्या उघाडीची, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडायच्या वाटेची, भरती अडवणारी फळी कुजून फुटली. भरती चढत होती. बुधाजीने मला उचलले.

केसर ओरडली, "अवं, अक्षरांची फळी चिखलात घालताव?"

"अक्षरा डोक्यात हायेत. पानी भातात जायाला नको."

तेव्हापासून मी इथे उघाडीची फळी म्हणून आहे. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भात. मित्रांनो, मला कोणी डांबर लावले तर बरे होईल. मी कुजलो तर शेत जाईल. आणि तुमच्या शाळेतला फळा पुसण्याआधी एकदा वाचा. ज्याने लिहिले त्याचे हातही बघा.

बुधाजी एकोणीसशे एकोणचाळीस सालच्या भाद्रपदात तापाने वारला. त्याला बांधावरून, माझ्या डोक्यावरून नेले. शाळेकडून कोणी आले नव्हते. खांदा द्यायला घरटी एक माणूस होता.