स्वयंपाकघराची स्टिअरिंग कमिटी

परिषद अकराला सुरू होणार होती आणि टॅक्सी साडेअकराला येणार होती. परिषद माझी होती. टॅक्सी सासूबाईंची.

आधी परिषदेचं सांगते, कारण घरात तिच्याबद्दल कुणालाच ऐकायचं नव्हतं. आधुनिक प्रोजेक्ट, प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ मॅनेजमेंटवरची ऑनलाइन परिषद. तीनशे बारा जणांनी नाव नोंदवलेलं, सगळे माझ्यासारखेच, म्हणजे दुसऱ्यांची कामं वेळेत करून घेणारे. आणि पहिलं भाषण माझं. विषय मीच दिला होता: ‘ठरल्या वेळेत, ठरल्या मापात, वादाशिवाय’. आमच्याकडे काम करणाऱ्या सुताराने एकदा मला विचारलं होतं, की ताई, हे प्रोजेक्ट, प्रोग्रॅम, पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, एक काम म्हणजे प्रोजेक्ट, चार कामं एकमेकांत अडकली की प्रोग्रॅम, आणि त्यातलं कुठलं करायचंच नाही हे जिथे ठरतं तो पोर्टफोलिओ. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “म्हणजे तुमचं स्वयंपाकघर पोर्टफोलिओत आहे.”

माणूस हुशार आहे, पण जिभेला हाड नाही.

स्वयंपाकघराचं काम चार महिने चाललं होतं. शेगडी हॉलमध्ये बुटांच्या कपाटावर, फ्रिज सोफ्याच्या मागे आणि भांडी टीव्हीखाली. भाजी चिरायची तर मांडीवर पाट घेऊन. नवरा दातांचा डॉक्टर आहे. तो सकाळी लवकर दवाखान्यात जायचा आणि जमेल तितका उशिरा यायचा. चार महिन्यांत गावातल्या इतक्या अक्कलदाढा एकदम कशा दुखायला लागल्या, हे मी त्याला विचारलं नाही.

घरी राहायच्या त्या सासूबाई. आणि आता त्या लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, राहायला चालल्या होत्या. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाल्या, “बघू.” बॅग दाराशी होती. लहान बॅग असती तर मला एवढं लागलं नसतं. ती मोठी बॅग होती, आणि तिच्यात हिवाळ्याचे कपडे होते.

लोकांना वाटतं सासू निघाली की सून सुटकेचा निःश्वास टाकते. मी नव्हते टाकत. अकरा वर्षं मी ऑफिसातून आल्यावर सगळी भडास या बाईसमोर काढत आले आहे. त्यांनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. सगळं ऐकायचं आणि कमीत कमी शब्दांत जोडून द्यायचं, ही सवय. मी तासभर बडबडले की त्या म्हणायच्या, “तुझा साहेब घाबरलाय,” आणि तेच खरं असायचं. त्या गेल्या तर मी कुणाशी बोलणार होते? दातांच्या डॉक्टरशी? त्याला समोरच्याच्या तोंडात बोळे असण्याची सवय.

त्या का चालल्या आहेत ते मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. चार महिन्यांची धूळ, ठोकाठोक, आणि माझा स्वभाव. मी तापट आहे, हे मी मान्य करते. पण आदल्या दिवशी मी फक्त एकदाच ओरडले होते, आणि तेही मिक्सरवर.

“आई, भाषण वीस मिनिटांचं आहे,” मी पावणेअकराला म्हटलं. “तेवढं झालं की मी येते टॅक्सीपर्यंत.”

“तू तुझं कर,” त्या म्हणाल्या आणि हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसल्या. खुर्च्यांवर टाइल्सचे खोके होते.

मी फ्रिजकडे पाठ करून लॅपटॉप लावला आणि मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र टाकलं. बरोबर अकराला पडद्यावर अध्यक्ष आले. त्यांना आम्ही खासगीत घड्याळबुवा म्हणतो. ते टेबलावर खरोखरची घंटा ठेवतात आणि वक्त्याची वेळ संपली की बडवतात. मागच्या वर्षी स्वतःचं स्वागताचं भाषण लांबलं तेव्हा त्यांनी स्वतःवरच बडवली होती.

मी सुरुवात झोकात केली. म्हटलं, कामं बुडतात ती आयत्या वेळच्या बदलांमुळे. कुणीतरी येता-जाता म्हणतं, हे जरा असं करा ना, की बसली आपली तारीख बोंबलत. म्हणून नियम एकच. बदल हवा असेल तर फॉर्म भरा. फॉर्मवर महत्त्व लिहा: जास्त, मध्यम की कमी. मंजुरी आली की बदल होईल. मंजुरी नसेल तर पुढचं काम थांबेल, पण तोंडी काही चालणार नाही.

पडद्यावर अंगठे वर जाऊ लागले. मला चेव आला.

“आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांत चालतं असं समजू नका,” मी म्हटलं. “मी माझ्या घरच्या स्वयंपाकघराचं काम याच पद्धतीने करते. मंजुरी द्यायला आमची स्टिअरिंग कमिटी आहे, मी आणि माझे पती. चार महिन्यांत एकही बदल मंजुरीशिवाय झालेला नाही. एकही! आमचे सुतारदादा इथेच आहेत. त्यांच्याच तोंडून ऐका.”

हा माझा हुकमाचा पत्ता होता. सुताराला मी तसं आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, कानावर पेन्सिल, काखेत फाइल, असा येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. खोट्या कपाटाच्या चित्रात त्याचा अर्धा खांदा नाहीसा झाला.

“नमस्कार,” तो म्हणाला. “ताई सांगतात ते खरं आहे. मी फॉर्मशिवाय खिळासुद्धा मारत नाही.”

टाळ्यांची चित्रं उडाली. घड्याळबुवा खूश झाले. “वा! मग स्वयंपाकघर कधी पूर्ण झालं?”

“नाही झालं,” सुतार म्हणाला.

“कधी होईल?”

“ताईंची सही झाली की.”

मी हसले. तीनशे बारा माणसांसमोर माणूस दुसरं काय करणार? म्हटलं, “दादा, माझ्याकडे काही बाकी नाही. मी रोज सगळे ‘जास्त’ महत्त्वाचे फॉर्म निकालात काढते.”

“जास्तचे काढलेत ताई. मध्यमचेही काढलेत. हा नंबर नऊ ‘कमी’चा आहे. कमीचे फॉर्म कमिटीच्या बैठकीत घ्यायचे असा तुमचाच नियम, फ्रिजवर चिकटवलाय. बैठक एकदाच झाली. त्यात डॉक्टरसाहेबांना झोप लागली.” त्याने फाइल उघडली. “नऊ अडकला म्हणून वरची फळी अडकली. फळी अडकली म्हणून टाइल्स, टाइल्स अडकल्या म्हणून नळ, नळ अडकला म्हणून शेगडी. दहा ते सतरा हे फॉर्म ‘नऊचं काय झालं’ हे विचारणारे आहेत. तेही कमीचेच आहेत, कारण नऊ कमीचा आहे.”

कुणीतरी लिहिलं, ‘फॉर्मचा नमुना मिळेल का?’

घड्याळबुवांना राहवलं नाही. “पण नंबर नऊमध्ये आहे तरी काय? वाचा की!”

मी नको म्हणायच्या आत त्याने वाचायला सुरुवात केली. शाळेत धडा वाचावा तसा, रकान्याचं नाव आणि मग मजकूर.

“मागणी: शेगडीवरची फळी एक वीत खाली घेणे. मागणी करणार: आजी. महत्त्व: कमी. कारण: खांदा उचलत नाही, हात पोचत नाही. बदल न केल्यास होणारा परिणाम…” इथे तो थांबला. त्याने कानावरची पेन्सिल काढून उगाच दुसऱ्या कानावर ठेवली.

“वाचा,” मी म्हटलं.

“बदल न केल्यास होणारा परिणाम: मी लेकीकडे जाईन.”

फॉर्मवर तारीख होती. बरोबर तीन महिने आणि दोन दिवस आधीची.

मला आधी राग आला, कारण मला सगळ्याच्या आधी रागच येतो. मग कळेना की रागावू कुणावर. रकाना मी काढला होता. नियम मी लिहिला होता. ‘परिणाम’ हा शब्द बारीक अक्षरांत न छापता ठळक छापा, असं छपाईवाल्याला बजावून आले होते तीही मीच. आणि या बाईने माझ्याच फॉर्मवर, माझ्याच पद्धतीने, मला काय होणार आहे ते आगाऊ कळवलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. मला खूप लाज वाटली.

मी उठले. उठताना माझं बोट कुठेतरी लागून खोट्या कपाटाचं चित्र गेलं आणि लॅपटॉपला फ्रिज दिसू लागला असावा, कारण मागून दोन-तीन जणांचं हसू ऐकू आलं.

“आई, ‘कमी’ का लिहिलंत?”

“तू कामात असतेस,” त्या म्हणाल्या. “आणि एका फळीचं काय एवढं?”

“मग जाताय कशाला?”

“तिथे हात पोचतो मला. इथे चहाचा डबा फ्रिजच्या माथ्यावर, तो काढायचा तरी तुमची वाट बघायची. दुपारी तीनला चहा हवा असला तर सातपर्यंत थांबते मी.” त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, त्यात तक्रार नव्हती. “रागावून नाही चालले गं. तुला काय वाटलं?”

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. मी फळी उचलली. ती भिंतीला टेकून उभी होती, तीन महिने. अर्धवट स्वयंपाकघरात जाऊन मी ती शेगडीच्या जागेवर दोन्ही हातांनी धरली. सुतार मागोमाग आला, आणि त्याच्या मागोमाग तीनशे बारा जणही, कारण फाइल एका हातात आणि लॅपटॉप दुसऱ्या हातात घेऊन आला होता तो. भाषण तुमचं चालू आहे म्हणाला.

“अजून खाली,” सासूबाई म्हणाल्या.

“एवढी?”

“एक वीत म्हटलंय ना मी.”

“कुणाची वीत?”

“माझी. माझा हात पोचायला हवा ना!”

लॅपटॉपमधून कुणीतरी विचारलं की वीत म्हणजे नेमके किती मिलिमीटर, आणि त्याला लगेच दुसऱ्याने उत्तर दिलं की ते मागणी करणाऱ्यावर अवलंबून. त्यावरून त्या दोघांची जुंपली. घड्याळबुवांनी घंटा बडवली, कुणासाठी ते त्यांनाही कळलं नसावं. सासूबाईंनी हात वर केला, खांदा दुखेल तिथे थांबवला आणि भिंतीवर बोट टेकवलं. सुताराने तिथे रेघ ओढली.

मग त्याने फॉर्म पुढे केला. मी एका हाताने फळी सावरून सही केली. दहा ते सतरावरही सटासट केल्या.

“न वाचता करू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “अकलेचे दिवे एकदा पाजळलेस तेवढे पुरेत.”

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

“आई, जाऊ नका,” मी म्हटलं. माझे दोन्ही हात पुन्हा फळीवर होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात. “मला तुम्ही इथे हव्या आहात. फळीसाठी म्हणून नाही. ऑफिसातून आल्यावर तुम्ही दिसला नाहीत तर मला करमणार नाही.”

“ताई, हे तोंडी झालं,” सुतार हळूच म्हणाला.

आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने लॅपटॉप खाली ओट्याच्या फळकुटावर ठेवला आणि ड्रिल मशीन शोधायला निघून गेला.

सासूबाईंनी पदराने माझे डोळे पुसले, जरा जोरातच, आणि म्हणाल्या, “टॅक्सी दारात आलीय. लेकीने तिकडे खोली आवरून ठेवलीय. दोन तासांचा रस्ता आहे. मी निघते. फळी बसली की फोन कर, मग बघू.”

पुन्हा ‘बघू’. मी फळी भिंतीला टेकवली आणि त्यांची बॅग खाली नेली. ती खरंच जड होती. टॅक्सीवाल्याने मागे ठेवली, सासूबाईंनी काच खाली करून “फ्रिजवरचा तो कागद काढ आधी” असं सांगितलं, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

वर आले तर परिषद अजून चालूच होती. एकही माणूस गेला नव्हता. घड्याळबुवा म्हणाले, वक्त्यांची वेळ संपून बावीस मिनिटं झाली आहेत, पण सभागृहाचा आग्रह आहे की फळी बसेपर्यंत थांबावं. दुसरा वक्ता पोर्टफोलिओवर बोलणार होता. त्याने आपली वेळ आम्हाला देऊन टाकली आणि लेव्हल बघायला मदत केली. डावीकडून जरा वर, म्हणाला.

तीन महिने अडकलेली फळी बसायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा ड्रिलचा पान्हा शोधण्यात गेली.

मी लगेच फोन लावला.

“बसली,” मी म्हटलं.

पलीकडून टॅक्सीच्या इंजिनाचा आवाज येत होता. अजून अर्धा रस्तासुद्धा झाला नव्हता.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या, “गाडी वळवायला सांगते.”