काँगोला गेलेला भडगावचा निरोप

मी एक जुनी टेप आहे. रिळावर गुंडाळलेली, तपकिरी, कडेला थोडी मुडपलेली. मित्रांनो, माझे आत्मवृत्त तुम्ही ऐकावे इतकी मी मोठी आहे का, याची मला खात्री नाही. पण मला संपवायला निघालेल्यांना मी दोनदा पुरून उरले, एवढे मात्र ठासून सांगते.

आपले जवान शांतिसेनेत काँगोला गेले होते, तेव्हाची गोष्ट. त्यांच्यासाठी रेडिओवर घरच्यांचे निरोप लावत. ते निरोप टेपवर घ्यायला रेडिओतले भाईदास नावाचे गृहस्थ यंत्र घेऊन भडगावला आले. शाळेच्या खोलीत लिलाबाई त्यांच्यासमोर बसली. नवी नवरी, नवरा तिकडे काँगोत, पदर दातात धरलेला.

"वहिनी, आधी भाऊंचं नाव सांगा."

"त्यासनं नाव मी लेस नही."

"अहो, तिकडे शेकडो जवान ऐकणार. निरोप कुणाचा, हे कळायला नको?"

"त्यासले समजी जाई!"

दाराशी जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. भाईदास विनवून थकले. शेवटी त्यांनी बटण दाबले आणि माझ्यावर तिचा आवाज उमटला, "आयकी ऱ्हायनात का? मी शे. म्हैस व्यायनी. पारडी शे. जीवले जपा."

निरोप रेडिओवरून गेला. मग हुकूम आला, टेपा पुसा आणि पुन्हा वापरा. टेप महाग होती, तशीच रीत होती. माझ्या कितीतरी बहिणी पुसल्या गेल्या, त्यांच्यावर बाजारभावाच्या बातम्या चढल्या. भाईदासांनी मला मात्र पिशवीत घालून जळगावला घरी नेले. त्यांनी जन्मात मोडलेला तो बहुधा एकच हुकूम.

पुढे मी त्यांच्या ट्रंकेत पडून राहिले. अंगावर बुरशी चढली, कुणी विचारेना. भाईदास वारले. अलीकडे त्यांच्या मुलाने, योगराजने, माझ्यावरची बुरशी झाडून मला यंत्रावर चढवले आणि मुंबईच्या एका संस्थेला कळवले. परदेशातल्या जवानांसाठीचे जुने कार्यक्रम ही संस्था जतन करते. तिथल्या वृषाली मॅडम आल्या.

"जवानाचं नाव नसेल तर आम्ही टेप घेत नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय भंगारात घालू?" योगराज चिडला.

डब्यावर 'भडगाव' एवढेच लिहिलेले होते. तेवढ्यावर विचारपूस करत दोघे मला घेऊन लिलाबाईच्या दारात पोचले. ती आता ऐंशीच्या पुढची, नवरा जाऊनही बरीच वर्षे झालेली. यंत्रातून स्वतःचा कोवळा आवाज आला, तशी ती कानामागे हात धरून पुढे वाकली.

"आजी, आता तरी आजोबांचं नाव सांगा," वृषाली मॅडम म्हणाल्या. "नाहीतर ही टेप वाया जाईल."

मी मनात म्हटले, बाई, घे एकदाचे नाव!

"नही," लिलाबाई म्हणाली. "ते घर उनात तवय सांगेत, तंबूमा बठ्ठा जन म्हनेत, ही मनीच बाई शे! कोनी हसे, कोनी रडे. त्यामधला दोन जन परत उनात नही. आते मी एकनंच नाव कसाले लेऊ?"

योगराजने मॅडमना उलगडून सांगितले, तंबूतला प्रत्येक जवान 'ही माझीच बायको' म्हणायचा आणि त्यातले दोघे घरी परतलेच नाहीत. गोठ्यात म्हैस फुरफुरली.

"मग मी लिहू तरी काय?" मॅडमनी विचारले.

"लिलाबाई लिखा. आवाज मना शे."

"पूर्ण नाव, आजी? मधलं?"

"लिलाबाई. बस!"

योगराज खो खो हसला. वृषाली मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता साहेबांशी भांडण माझ्या वाट्याला आलं," असे म्हणत त्यांनी माझ्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'लिलाबाई, भडगाव' असे लिहिले. भांडण झाले आणि त्या जिंकल्या. आज माझी नक्कल संगणकात आहे आणि मी स्वतः कोरड्या, थंड कपाटात आहे.

मित्रांनो, घरात एखादी जुनी टेप सापडली, तर नाव नाही म्हणून फेकू नका. आधी ऐका. आणि मला पुसावे असे अजूनही कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल यावे. फक्त आधी भडगावला जाऊन लिलाबाईला विचारून यावे.