हळदीकुंकवातलं स्पॅनिश गाणं

हॉलमधला सोफा भिंतीला लावून, टीपॉय बाल्कनीत ढकलून पाच बायका घामाघूम नाचत होत्या. सगळ्यांच्या पुढे साठीच्या वासंतीबाई. शारजातल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा काहीतरी वेगळं करायचं, हे त्यांनीच डोक्यात घेतलं होतं. बिल्डिंगच्या जिममधल्या झुंबात हे स्पॅनिश गाणं ऐकल्यापासून पोळ्या लाटतानाही त्यांचा पाय ठेका धरायचा. गाणं समुद्राचंच असणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून हातांच्या लाटाही बसवल्या होत्या.

तेवढ्यात नात मिहिका शाळेतून आली. तिला शाळेत स्पॅनिश होतं. दारातच थबकून ती हसू दाबत म्हणाली, "आजी, देअर इज नो सी इन धिस." मग तिने इंग्रजीतच अर्थ सांगितला. त्यातली बाई आपल्या माणसाला म्हणत होती, दार लागलंय, आता घाई नको, पाठीवरचा हात काढू नकोस.

नाचणाऱ्यांतली मधू मटकन सोफ्यावर बसली. "खलास. वासंतीकाकू, वाण लुटायचं आणि गाणं हे? त्यापेक्षा कोळीगीत घेऊ."

वासंतीबाईंचे कान तापले, पण लाजेने नव्हे. या घरात एक खोली मुलासुनेची, दुसरी नातीची. त्या नातीजवळ झोपायच्या आणि त्यांचे यजमान अनिलराव हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर. कुणाची तक्रार नव्हती. पण मिहिका झाली तेव्हापासून या नवराबायकोच्या मागे दार असं लागलंच नव्हतं. वासंतीबाईंना नवरा हवा होता, अजूनही हवा होता, आणि हे त्यांच्या पायांना आधी कळलं होतं.

"हेच गाणं," त्या म्हणाल्या. "यल्ला, चला, पहिल्यापासून."

एरवी हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम? पण इथे बायकांना गाडीने आणणार कोण, म्हणून नवरे मागच्या रांगेत तिळगूळ खात बसतात. वासंतीबाईंनी नाचातल्या लाटा काढून टाकल्या आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्या रांगेकडे बघत मनसोक्त नाचल्या. अनिलरावांच्या हातातला चहा तसाच गार झाला.

परतताना मुलाची गाडी पुढे गेली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अनिलराव गाडी हळूहळू पुढे काढत होते. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "काय म्हणत होती गं ती, गाण्यातली?"

वासंतीबाईंनी पदर सावरला. "ती म्हणते, दार लागलंय. आता घाई नको. पाठीवरचा हात काढू नकोस."

अनिलरावांनी एकदा गाडीच्या बंद दारांकडे पाहिलं. वासंतीबाई सीटवर जराशा पुढे सरकल्या, आणि अनिलरावांचा उजवा हात त्यांच्या पाठीवर येऊन टेकला.

मुलाचा फोन आला, कुठे पोचलात म्हणून.

"ट्रॅफिक आहे रे," अनिलराव म्हणाले.

रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. घराकडे नेणारं अल नहदाचं वळण आलं. इतक्या वर्षांत हे वळण कधी न चुकलेल्या अनिलरावांनी गाडी सरळ पुढे नेली.